पाणी तापवत होतो

सिनेमातलं मला काही कळत नाही. थिएटरात मी आयुष्यात दोनदा गेले, त्यातल्या एकदा झोपले. पण किनाऱ्यावरच्या माचालाहून डोंगरातल्या क्वेंकाला जाणाऱ्या बसमध्ये मी जितकी माणसं मरताना पाहिली आहेत, तितकी कुठल्या जनरलनेही पाहिली नसतील. पासाखे गाव सुटलं, चिंचेचं सरबत विकणारी बाई खाली उतरली, की कंडक्टर मोंचो डोक्यावरचा टीव्ही चालू करतो. सिनेमा निवडायचा हक्क त्याचा, आणि तो हटकून असाच निवडतो की पहिल्या दहा मिनिटांत सहा मुडदे पडावेत. बसमध्ये नन असो, तान्हं मूल असो, कोंबड्या घेतलेली म्हातारी असो, कुणी तक्रार करत नाही. चार तासांचा घाट आहे, बाहेर धुकं असतं, मग बघणार तरी काय?

आमच्या बसमध्ये सिनेमा गप्प बसून बघायची पद्धत नाही. लोक पडद्याशी बोलतात, “अरे मागे बघ, मागे!” म्हणून ओरडतात, आणि मेलेल्यांसाठी च्च च्च करतात. त्यात माझं तोंड सगळ्यांत मोठं. माचालाच्या मंडईत माझा जेवणाचा गाडा आहे, पहाटे पाचपासून मी गिऱ्हाइकांशी बडबडत असते, त्यामुळे बसमध्ये तेवढं गप्प बसणं मला जमत नाही. महिन्यातून एकदा बटाटे आणि चीज आणायला मी क्वेंकाला जाते, आणि नेहमीचे उतारू मोंचोला विचारतात, “आज दोन्या नार्सिसा आहेत का? मग जरा बरा सिनेमा लाव.” नार्सिसा मी, आणि दोन्या म्हणजे आमच्याकडे बाई.

माझी मतं साधी आहेत. हिरो तीन दिवस पळतो, गोळ्या झाडतो, पण त्याला भूक लागत नाही, लघवीला लागत नाही. पन्नास माणसं मारतो आणि त्याच्या शर्टाची इस्त्री मोडत नाही. आणि सगळ्यांत मोठी तक्रार म्हणजे, माणसं मेल्यावर कॅमेरा पुढे निघून जातो. फरशी कोण पुसणार? कुणीतरी बादली घेऊन गुडघ्यावर बसतंच ना? त्या बाईला एकाही सिनेमात काम नाही. मी हे म्हणते तेव्हा लोक हसतात. मी का म्हणते ते त्यांना माहीत नाही.

माझ्या धाकट्या भावाचं, लिसांद्रोचं, मंडईमागे केस कापायचं दुकान होतं. वडिलांचंच दुकान, वडिलांचाच वस्तरा. फेब्रुवारीत एका गुरुवारी दुपारी एक गिऱ्हाईक दाढीला बसलेलं असताना दोन माणसं आली. एक दारात थांबला, दुसरा आत आला आणि म्हणाला, “मास्तर, जरा बाजूला व्हा.” मग तीन गोळ्या. लिसांद्रोच्या हातात वस्तरा तसाच राहिला. दारातल्याकडे त्याची पाठ होती, पण आत आलेल्याचा चेहरा त्याला समोरच्या आरशात पूर्ण दिसला.

पोलिसांना त्याने सांगितलं, मी मागच्या खोलीत होतो, काही पाहिलं नाही. पेपरातही तेवढंच आलं. दुसऱ्या दिवशी दोन सभ्य तरुण दुकानात आले. एकाने केसही कापून घेतले. कापता कापता त्याने विचारलं, “मागच्या खोलीत काय करत होतात, मास्तर?” लिसांद्रो म्हणाला, “दाढीच्या टॉवेलसाठी पाणी तापवत होतो.” तो तरुण आरशात बघत म्हणाला, “छान. तापवत राहा.” पाण्याचं त्यांच्याशिवाय कुणी विचारलं नाही, आणि त्यांच्याशिवाय त्याने ते कुणाला सांगितलंही नाही. सांगितलं फक्त मला, माझ्या स्वयंपाकघरात, टेबलावर डोकं टेकून रडताना. खरं काय झालं तेही तेव्हाच सांगितलं, एकदाच, सगळं. दुकानाची फरशी पुसणं त्याच्याच्याने होईना, म्हणून ती मी पुसली होती. रक्ताला थंड पाणी लागतं. गरम घातलं की ते बसतं.

तीन आठवड्यांनी तो क्वेंकाला गेला. तिथे एका ओळखीच्या दुकानात दुसऱ्या नावाने खुर्ची धरली. कुठल्या दुकानात ते त्याने मलाही सांगितलं नाही. दर दुसऱ्या रविवारी टेलिफोनच्या दुकानातून तो मला मोबाइलवर फोन करायचा, दर वेळी वेगळ्या दुकानातून, त्यामुळे मला उलट फोन करता येत नसे. चार महिने मी क्वेंकाला जाऊन बटाटे घेऊन परत येत होते आणि त्याला भेटत नव्हते. शेवटी मीच हट्ट धरला. त्याची चांगली कात्री आणि वडिलांचा वस्तरा माझ्याकडे होते. म्हटलं, स्टँडवर ये, पाच मिनिटं भेट, घेऊन जा. त्याला नको होतं. “ताई, राहू दे गं,” तो म्हणाला. मी म्हटलं, “चार महिने तुझं तोंड पाहिलं नाही मी. येतोस की नाही?” तो येतो म्हणाला.

भेटायच्या दिवशी सकाळी नऊच्या बसला मी एक हिरवी बादली घेऊन चढले. तिच्यात त्याच्या आवडीचे गोळे होते, हिरवी केळी कुटून आत चीज भरून तळलेले, आणि तळाशी टॉवेलात गुंडाळलेली हत्यारं. माझ्या शेजारी चाळिशीचा एक माणूस बसला होता. स्वच्छ दाढी, कडक इस्त्रीचा शर्ट, कोलोनचा मंद वास. त्याने उठून बादली वर फळीवर ठेवली.

“जपून हो,” मी म्हटलं, “भावासाठी खाणं आहे. स्टँडवर घ्यायला येतोय तो.”

“भाग्यवान आहे तुमचा भाऊ,” तो म्हणाला आणि पिशवीतून संत्रं काढून सोलायला लागला. अर्धं मला दिलं. असं गिऱ्हाईक गाड्यावर आलं तर आपण त्याला मांसाचा मोठा तुकडा वाढतो.

मोंचोने सिनेमा लावला. “मावशी, आज किती मार्क देणार?”

“आधी दाखव तर, मेल्या.”

नेहमीचाच होता. नोकरी सोडलेला पोलीस, त्याची मेलेली बायको, सूड. सांता इसाबेल गावापर्यंत अकरा माणसं मेली. मी मोजून सांगत होते आणि मागचे आजोबा, दोन सीट सोडून बसलेली एक शिक्षिका, सगळे हसत होते. शेजारचा माणूसही हसत होता, पण हळू, शिकलेल्या माणसासारखा.

मग पडद्यावर न्हाव्याचं दुकान आलं. मला तेव्हाच तोंड मिटायला हवं होतं. पण तो प्रसंग इतका खोटा होता की मला राग आला. माझ्या भावाचं आयुष्य ज्या दहा सेकंदांत मोडलं, त्याचा तिथे तमाशा केला होता. न्हावी गाणं म्हणत होता, दार लाथेने उघडलं, मशीनगन धडधडली, आरशाचा चुरा झाला आणि गिऱ्हाईक खुर्चीसकट खिडकीतून रस्त्यावर.

“हे बघा! खुर्ची उडाली!” मी ओरडले. “अरे, न्हाव्याची खुर्ची लोखंडाची असते, जमिनीत बोल्टनी ठोकलेली. चार हमाल लावले तरी हलत नाही.”

बस हसली. मागून आजोबा म्हणाले, “आणि माणूस, दोन्या नार्सिसा? माणूस तरी उडतो की नाही?”

“उडतो कसला. बसल्या जागी खाली घसरतो. हातही वर करता येत नाहीत बिचाऱ्याला, गळ्यापासून खाली कापड बांधलेलं असतं ना. हात आतच राहतात.”

“आणि आरसा?” शेजारच्या माणसाने विचारलं. त्याने दुसरं संत्रं घेतलं होतं.

“आरशाला काही होत नाही. मारणारा बाजूने मारतो, गोळी आरशाकडे जाईल कशाला?”

“पटलं. आणि न्हावी?”

“न्हावी काय करणार? हातातला वस्तरा हातात. मागे वळायची टाप नाही. समोर दिसतंय ते बघत उभं राहायचं, दुसरं काय.”

“समोर म्हणजे आरशात.”

“आरशात नाही तर काय भिंतीत?”

“म्हणजे मारणाऱ्याचं तोंड दिसलंच असणार.”

“दिसणारच की! आरसा असतो कशासाठी?”

सगळी बस हसली. शिक्षिकेने तर टाळी वाजवली. तोही हसला. संत्र्याच्या फोडीवरचे पांढरे धागे त्याने एकेक करून काढले, फोड तोंडात टाकली, आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, “मला वाटत होतं, तो मागे पाणी तापवत होता.”

मी त्याच्याकडे पाहिलं. “कोण?”

“न्हावी. सिनेमातला.”

सिनेमात मागची खोली नव्हती. पाणी नव्हतं. न्हावी पहिल्या गोळीलाच मेला होता.

 घाट चढताना कान बंद होतात तसं झालं, टीव्हीचा आवाज लांबून यायला लागला. मी काहीतरी बोलत सुटले. माझा नवरा ग्वायाकीलला न्हाव्याकडे कामाला होता, त्याने असं पाहिलं होतं, वीस वर्षांपूर्वी, तो आता हयात नाही. खरं तर माझा नवरा मासे पकडायचा. तो माणूस मान डोलावत ऐकत राहिला.

“देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो,” तो म्हणाला. “आणि भाऊ काय करतात?”

“शेती.”

“क्वेंकात?”

“क्वेंकाच्या बाहेर.”

“अच्छा.” त्याने मला संत्रं पुढे केलं. मी नको म्हटलं.

पुढचा तासभर मी पडद्याकडे डोळे लावून बसले. आजोबांनी दोनदा हाका मारल्या, “काय हो, आज झोपलात की काय?”  मी हिशोब घालत होते. क्वेंकापर्यंत गेले तर लिसांद्रो स्टँडवर फलाटापाशी उभा असेल, मला बघून हात वर करील आणि या माणसाला तो दिसेल. मध्येच उतरले तर हाही माझ्या मागे उतरेल, आणि मग माझं त्याला काय करायचं ते करू दे. लिसांद्रो वाट बघून परत जाईल. मला तेवढंच सुचलं. फोन करायला नंबर नव्हता. घाटात रेंजही नव्हती.

वाटेतल्या हिरोन गावात बस पाच मिनिटं थांबते. मी उभी राहिले. “मोंचो, मी इथेच उतरते. पोटात कळ आली आहे. माझी एक मैत्रीण राहते इथे.”

“अगं मावशी, औषध देऊ का?”

“नको, नको.”

शेजारचा माणूस उठला. मला वाटलं, आता हा येणार. त्याने फळीवरून बादली काढली, माझ्यासोबत दारापर्यंत आणली, मला पायरीवरून उतरायला हात दिला आणि बादली माझ्या हातात ठेवली. आतलं टॉवेलातलं लोखंड एकदा किणकिणलं. तो स्वतः उतरला नाही.

“काळजी करू नका बाई,” तो वरूनच म्हणाला. “तुमचे भाऊ ताटकळत असतील. मी त्यांना निरोप देतो, तुम्ही इथे उतरलात म्हणून.”

“तुम्ही… तुम्ही ओळखणार कसे त्याला?”

“विचारीन की. हिरव्या बादलीवाल्या ताईंची वाट कोण बघतंय म्हणून.” त्याने रुमालाने बोटं पुसली. “शिवाय न्हाव्याचे हात लगेच ओळखू येतात.”

दार बंद झालं. मी बादली खाली ठेवून धावले, बसच्या पत्र्यावर थापा मारल्या, मोंचोच्या नावाने ओरडले. इंजिन तापलेलं, टीव्ही चालू, कुणाला ऐकू येणार. खिडकीतून शिक्षिका आणि आजोबा मला बघत होते. त्यांना वाटलं मी निरोप घेते आहे. दोघांनी हसून हात हलवले.

बादली उचलून मी दुधाचे कॅन नेणाऱ्या एका टेम्पोवाल्याच्या पाया पडायचंच तेवढं बाकी ठेवलं. माझा भाऊ मरतोय म्हटलं. तो बिचारा छातीवर क्रॉसची खूण करून देवाचं नाव घेत, सगळ्या वळणांवर हॉर्न वाजवत सुटला. तरी बसच्या मागे अर्धा तास राहिलोच. त्या अर्ध्या तासात मी जे जे सिनेमे पाहिले होते ते सगळे मला आठवले, आणि एकातही हसण्यासारखं काही नव्हतं.

स्टँडवर गर्दी होती, वर्दी घातलेले पहारेकरी होते. चार नंबरच्या फलाटाशी, खांबाला टेकून लिसांद्रो उभा होता. उभा होता. मी त्याला मिठी मारली तर तो हसला. अंगाने उतरला होता, मिशा काढल्या होत्या. त्याच्या हातात अर्धं सोललेलं संत्रं होतं.

“काय गं ताई, हिरोनला कशाला उतरलीस? पोट बरं आहे का आता? तो माणूस निरोप देऊन गेला म्हणून थांबलो, नाहीतर निघालो होतो.”

“काय म्हणाला तो?”

“तेच. तू येतेस म्हणाला, थांबा म्हणाला. भला माणूस. ओळखीचा आहे का तुझ्या?”

“आणखी काय म्हणाला, लिसांद्रो?”

“काही नाही गं. काम कुठे करता विचारलं. शनिवारी मित्राला घेऊन दाढीला येतो म्हणाला.”

“तू सांगितलंस?”

“सांगितलं.” त्याचं हसू कमी होत गेलं. “चार महिने कुणाला सांगितलं नाही, ताई. तुलाही नाही. पण तू पाठवलेला माणूस म्हटल्यावर…”

मी त्याला सगळं सांगितलं. तिथेच, माणसं सामान घेऊन आमच्या दोन्ही बाजूंनी जात असताना. सिनेमा, खुर्ची, कापड, लोक कसे हसत होते, मी कशी फुशारले होते. त्याने मध्ये एकदाच विचारलं, “आरशाचंही?”

“हो.”

मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने संत्रं कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि हात पँटला पुसले. मग वाकून बादलीत हात घातला, टॉवेलातली गुंडाळी काढून शर्टाच्या आत घातली. केळ्याच्या गोळ्यांना हात लावला नाही.

“हे घे ना,” मी म्हटलं. “पहाटे उठून केलेत.”

“हिरवी बादली आता ओळखीची झाली, ताई.”

फलाटांवर पाट्या होत्या, लोहा, आंबातो, रिओबांबा, कीतो. तो त्या वाचत होता. मी विचारलं, “कुठे जाणार?” त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. त्या तोंडाने त्याला लहानपणी गोष्टी सांगितल्या होत्या, आई गेल्यावर झोपवलं होतं.

“तू घरी जा,” तो म्हणाला. “आधी तू बसमध्ये बस. तुझी बस सुटली की मग मी निघतो.”

त्याने मला बसपर्यंत सोडलं आणि खांबामागे जाऊन उभा राहिला. बस वळेपर्यंत मी मागच्या काचेतून बघत होते. तो जागचा हलला नाही. कुठल्या फलाटाकडे गेला ते मला दिसू नये म्हणून. त्याचं बरोबरच होतं, आणि ते बरोबर होतं याचाच मला जन्मभर त्रास होणार आहे.

पुढच्या महिन्यात मी क्वेंकात एकेक दुकान धुंडाळत त्याच्या मालकाला शोधून काढलं. त्या शनिवारी दोघे आले होते म्हणे. नवा कारागीर कुठे आहे विचारलं. सोडून गेला म्हटल्यावर दोघांनी आळीपाळीने दाढी करून घेतली, दुपारपर्यंत पेपर वाचत बसले, आणि जाताना मालकाशी हात मिळवून गेले. फार सभ्य माणसं, मालक म्हणाला.

मोंचो अजून सिनेमे लावतो. नेहमीचे उतारू म्हणतात, “दोन्या नार्सिसा, बोला की काहीतरी.” मी डोकं दुखतंय म्हणते आणि शेजारी कोण बसलंय ते बघते. पडद्यावर माणसं उडत असतात, मी धुक्याकडे तोंड करून बसते.

दर दुसऱ्या रविवारी माझा मोबाइल वाजतो. दर वेळी अनोळखी नंबर. मी उचलते. पलीकडे कुणीतरी असतं, श्वास ऐकू येतो, मागे रहदारीचा आवाज येतो, पण बोलत कुणी नाही. लिसांद्रो असेल. ताई जिवंत आहे ना एवढंच बघत असेल. नाहीतर तो दुसरा असेल, मी कुणाचं नाव घेते का ते ऐकत. नाव माझ्या जिभेवर येऊन थांबतं. मी फोन कानाला घट्ट धरून बसते, आणि तोंड उघडत नाही.